घरातला पहिला लॅपटॉप टचचा क्रोमबुक असेल तर

ज्याला मोबाईल येतो त्याला टचचा क्रोमबुक पहिल्याच दिवशी वापरता येतो. खेड्यातल्या घरासाठी मी त्याची शिफारस करतो ती मुख्यतः याचसाठी. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात जा की ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात, घरात स्मार्टफोन सापडतोच. माऊस हातात धरलेली माणसं मात्र कमी. आजीला व्हिडिओ कॉल उचलता येतो, बाबा रोज बाजारभाव बघतात, आणि तरीही लॅपटॉप समोर ठेवला की दोघंही हात मागे घेतात. स्क्रीनला बोट लावून चालतं हे कळलं की हात आपोआप पुढे येतो.

दुसरी बाजूही आधीच सांगतो. हा लॅपटॉप क्लाउडच्या, म्हणजे नेटच्या भरवशावर उभा आहे, आणि आपल्याकडे नेट आणि लाईन (वीज) दोन्हींचा नेम नाही. म्हणून पुढचं सगळं एकाच गोष्टीवर बेतलं आहे: नेट असताना क्रोमबुक भरून ठेवायचा, नेट नसताना वापरायचा.

हा लॅपटॉप आहे तरी काय

क्रोमबुक म्हणजे गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप. पहिले क्रोमबुक सॅमसंग आणि एसर यांनी २०११ साली विकायला आणले. जवळपास सगळं काम क्रोम ब्राउझरमध्ये होतं आणि फाइली गुगल ड्राइव्हवर राहतात. त्यामुळे आत मोठी हार्ड डिस्क लागत नाही, तगडा प्रोसेसर लागत नाही आणि किंमत खाली येते. गंमत म्हणजे टचस्क्रीन या स्वस्त लॅपटॉपमध्ये महागड्या वाटेनं आली. २०१३ च्या फेब्रुवारीत गुगलने टचचा क्रोमबुक पिक्सेल काढला तो १,२९९ डॉलरला. त्याच वर्षाच्या शेवटी एसरने टचचा क्रोमबुक ३०० डॉलरच्या आत आणला, आणि तिथून टच सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. २०१६ पासून क्रोमबुकवर अँड्रॉइड अॅप चालू लागले, तेव्हा टचला खरा अर्थ मिळाला, कारण ते अॅप बोटासाठीच बनवलेले असतात.

कोणी घेऊ नये

महा ई-सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी घेऊ नये. थंब मशीन आणि डिजिटल सहीचा डोंगल यांचे ड्रायव्हर बहुतेक विंडोजसाठी बनलेले असतात, इथे ते अडतात. कृषी केंद्राचा हिशेब टॅलीवर असेल तर तोही विंडोजवरच ठेवा. ऑटोकॅड शिकणाऱ्या मुलानेही नको. पायथन शिकायचं असेल तर मात्र चालतं, कारण क्रोमओएसमध्ये लिनक्सची सोय चालू करता येते. शाळेचा अभ्यास, अर्ज भरणं, बचत गटाचा हिशेब, पत्रं, ऑनलाइन वर्ग, गावाच्या बैठकीचं टिपण, एवढं काम असेल तर बिनधास्त घ्या.

घेताना काय बघायचं

दुकानात किंवा ऑनलाइन पाहिलंत तर दिसेल की एकाच नावाचं मॉडेल टचसह आणि टचशिवाय असं दोन्ही प्रकारे मिळतं. किंमत कमी दिसली म्हणून ऑर्डर दिली आणि घरी आल्यावर बोट लावलं तर काहीच हललं नाही, असं होऊ शकतं. वर्णनात ‘टचस्क्रीन’ शब्द आहे का ते नीट वाचा. फ्लिप, स्पिन, एक्स-थ्री-सिक्स्टी अशी नावं असतील तर स्क्रीन मागे पूर्ण वळते आणि टॅबलेटसारखी वापरता येते. माझ्या मते टच घ्यायचाच असेल तर वळणाराच घ्यावा. उभ्या स्क्रीनवर सतत बोट चालवलं की खांदा भरून येतो. स्क्रीन वळवून मांडीवर घेतली की तोच हात तासभर सुखाने चालतो.

रॅम ४ जीबीपेक्षा कमी नको; पैसे जमत असतील तर ८ घ्या. स्टोरेज ६४ जीबी असलेलं बरं, कारण आपल्याला बऱ्याच गोष्टी ऑफलाइन भरून ठेवायच्या आहेत. चार्जिंग यूएसबी-सीचं असावं, म्हणजे चार्जर बिघडला तर नागपूर-अमरावतीला पळावं लागत नाही. पण साध्या मोबाईल चार्जरवर फार हळू चार्ज होतो, कधी होतच नाही. स्क्रीनवर कमी शक्तीचा चार्जर लागल्याची सूचना येते. ४५ वॅटचा, पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेला चार्जर घ्या.

जुना किंवा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला दुरुस्त करून पुन्हा विकलेला, क्रोमबुक घेणाऱ्यांनी पुढचं सावकाश वाचावं, फसगत इथेच होते.

प्रत्येक क्रोमबुकला अपडेटची शेवटची तारीख असते. त्यानंतर तो चालतो, पण सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. २०२१ पासून बाजारात आलेल्या मॉडेलना १० वर्षं अपडेट मिळतील असं गुगलने २०२३ मध्ये जाहीर केलं. ही १० वर्षं त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म, म्हणजे आतल्या मुख्य हार्डवेअरचा साचा, बाजारात आला तिथून मोजली जातात, तुम्ही विकत घेतलं तिथून नाही. सेटिंग्ज, मग ‘अबाउट क्रोमओएस’, मग ‘अॅडिशनल डिटेल्स’ उघडलं की तारीख समोर दिसते. विकणाऱ्यासमोर उघडून बघा.

दुसरं, परदेशातल्या शाळा आणि कंपन्यांनी वापरून काढलेले क्रोमबुकही बाजारात येतात. सुरू करताना किंवा लॉगिनच्या पानावर ‘हे डिव्हाइस अमुक संस्था व्यवस्थापित करते’ अशी ओळ आली तर घेऊ नका. ती नोंद यंत्र पूर्ण पुसलं तरी जात नाही, ती संस्थाच काढू शकते.

तिसरं, टच तपासा. क्रोम कॅनव्हास हे चित्र काढायचं साधन उघडा आणि वखराच्या तासांसारख्या जवळजवळ रेषा बोटाने ओढा, आधी डावीकडून उजवीकडे, मग वरून खाली. एखाद्या पट्टीत रेषा तुटली तर तिथली काच मेलेली आहे. कडांवर आणि चारही कोपऱ्यांत मुद्दाम ओढा. त्यानंतर ‘डायग्नोस्टिक्स’ नावाचं अॅप उघडा. त्यात बॅटरी किती शिल्लक ताकदीची आहे आणि किती वेळा चार्ज झाली ते कळतं.

पहिलं लॉगिन

पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा चांगलं नेट हवंच. गावात धड रेंज नसेल तर तालुक्याला नातेवाइकाकडे किंवा ज्या ग्रामपंचायतीत भारतनेट या सरकारी योजनेची फायबर खरोखर चालते तिथे बसून हे काम उरका. पहिला अपडेट मोठा असतो, मोबाईलचा दिवसाचा डेटा त्यातच संपू शकतो.

लॉगिनला गुगल खातं लागतं. मोबाईलवर जे आहे तेच चालतं, पण त्याचा पासवर्ड आठवतो का ते घरून निघण्याआधी बघा. पुष्कळ ठिकाणी खातं मोबाईल दुकानदाराने उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. तसं असेल तर आधी मोबाईलवरून पासवर्ड बदला आणि वहीत लिहून ठेवा.

खात्याला जोडलेला मोबाईल नंबर आज चालू आहे का? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. रिचार्ज न केल्यामुळे सिम बंद पडतं, पुढे तो नंबर दुसऱ्याला मिळतो, आणि आपला ओटीपी त्याच्याकडे जातो. क्लाउडच्या लॅपटॉपवर खातं गेलं म्हणजे कागदपत्रंही गेली. खात्याच्या सुरक्षा पानावर नंबर तपासा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर दुसरी खात्री) चालू करा आणि तिथे मिळणारे बॅकअप कोड कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा. आपल्या घरात ती फाइल कधी हरवत नाही.

फुकट मिळणारी जागा १५ जीबी, आणि ती ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून. मोबाईलवर फोटोंचा आपोआप बॅकअप चालू असेल तर लग्नसराईच्या एका हंगामात ती भरते, आणि भरली की ईमेल यायचेही थांबतात. शिष्यवृत्तीचं किंवा नोकरीचं पत्र असं अडकू नये, म्हणून अभ्यासासाठी मुलाचं वेगळं खातं ठेवलेलं बरं. लहान मुलांसाठी फॅमिली लिंक वापरून पालकांच्या देखरेखीचं खातं काढता येतं.

मराठी टायपिंग

सेटिंग्ज उघडून वरच्या शोधपट्टीत ‘इनपुट’ शोधा आणि मराठी जोडा. लिप्यंतरणाची पद्धत निवडली तर इंग्रजी अक्षरांत ‘शेतकरी’ टाइप केलं की मराठीत उमटतं. कंट्रोल आणि स्पेस एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अशी अदलाबदल होते. स्क्रीनवरची सगळी भाषाही मराठी करता येते. घरातल्या मोठ्यांसाठी ती अवश्य करा.

टायपिंग जमत नसेल तर गुगल डॉक्समध्ये ‘टूल्स’ मधून व्हॉइस टायपिंग उघडा, भाषा मराठी निवडा आणि बोला. ग्रामसभेचा अर्ज बोलून लिहिता येतो, फक्त नेट चालू हवं. वऱ्हाडी किंवा झाडीबोलीत बोललात तर शब्द चुकतात. सावकाश, पुस्तकी मराठीत बोला आणि मग एकदा वाचून घ्या.

जुन्या फाइलींबद्दल एक गोष्ट. शाळेत, ग्रामपंचायतीत, झेरॉक्सच्या दुकानात पूर्वी श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेले मजकूर क्रोमबुकवर उघडले की निव्वळ चिन्हांचा पसारा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, फाँट युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखी दिसणारी अक्षरपद्धत) नसतो. दुकानदाराला पीडीएफ करून मागा, आणि नवीन सगळं युनिकोडमध्येच टाइप करा.

बोटाचं काम, कळांचं काम

मोबाईलची बोटं इथे बरीचशी तशीच चालतात. टेकवलं की उघडतं, दाबून धरलं की जास्तीचे पर्याय येतात, दोन बोटांनी ताणलं की नकाशा किंवा सातबारा मोठा होतो. तळापासून बोट वर सरकवलं की खालची अॅपची पट्टी येते. स्क्रीन मागे वळवली की कळा आपोआप बंद होतात आणि टाइप करायच्या जागी टेकवलं की पडद्यावर कीबोर्ड येतो.

शिकवणाऱ्याने एक पथ्य पाळावं: पहिले काही दिवस टचपॅडचं (कळांखालच्या चौकोनी पट्टीचं) नावच काढू नये. आजोबांना स्क्रीन वळवून टॅबलेटसारखी हातात द्या, अक्षर मोठं करून द्या, नातवाच्या वर्गाचा व्हिडिओ लावायचा असेल तर तंबूसारखा उभा करून ठेवा. भीती गेली की कळा शिकवा. कळा मात्र शिकवाच. दोन परिच्छेदांचा अर्ज काचेवर बोटाने लिहिणं म्हणजे नुसता त्रास, आणि हिशेबाच्या रकान्यात बोट नेमकं शेजारच्या चौकटीत पडतं. वाचणं, सरकवणं, निवडणं, खूण करणं बोटाने. लिहिणं आणि आकडे कळांनी. ही वाटणी जमली की घरातली सगळी पिढी एकाच लॅपटॉपवर बसते.

कॅप्स लॉकची कळ सापडत नाही म्हणून घाबरू नका, बहुतेक क्रोमबुकवर तिच्या जागी शोधाची किंवा लाँचरची कळ असते. ती दाबा आणि जे हवं त्याचं नाव टाइप करा.

नेट नसतानाची तयारी

हे काम सगळ्यात जास्त मन लावून करा. क्रोमबुक नेटशिवाय चालतच नाही हा समज खोटा आहे. पण ऑफलाइनची तयारी नेट असतानाच करावी लागते हे खरं.

आधी गुगल ड्राइव्ह क्रोममध्ये उघडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑफलाइन’ समोर खूण करा. मग ज्या फाइली लागणारच आहेत त्यांवर बोट दाबून धरा आणि ‘ऑफलाइन उपलब्ध करा’ निवडा. बचत गटाचं पासबुकचं पत्रक, मुलीच्या निबंधाची फाइल, असं एकेक करा. जीमेलच्या सेटिंग्जमध्येही ऑफलाइनचं पान आहे; तिथे किती दिवसांचे ईमेल साठवायचे ते ठरवता येतं.

शाळेची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ म्हणून मोफत मिळतात. मुलाच्या इयत्तेची सगळी एकदाच उतरवून घ्या आणि डाउनलोडमध्ये ‘सातवी’ असं फोल्डर करून ठेवा. दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या अॅपमधले धडेही उतरवून नंतर बघता येतात. पीडीएफवर बोटाने किंवा पेनने खुणा करता येतात, आणि इथे टचचा खरा उपयोग दिसतो: गणिताच्या पायऱ्या मुलं थेट पानावर सोडवतात. पेन घेणार असाल तर तुमचं मॉडेल कोणतं पेन स्वीकारतं ते आधी बघा; अनेक क्रोमबुक यूएसआय नावाच्या प्रकारचं पेन घेतात, काही कोणतंच घेत नाहीत. रबरी टोकाचं साधं पेन बहुतेक ठिकाणी बोटासारखं चालतं.

एवढं झालं की परीक्षा घ्या. वायफाय बंद करा, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा, आणि प्रत्येक फाइल उघडून बघा. जी उघडली नाही ती भरलेली नाही. ही परीक्षा तालुक्याहून निघण्याआधी घ्यायची, घरी पोचल्यावर नाही.

घरी नेट बहुधा मोबाईलच्या हॉटस्पॉटचंच असेल. फोन खिडकीत किंवा गच्चीच्या पायरीवर, जिथे रेंज येते तिथे ठेवा आणि लॅपटॉप आत घेऊन बसा. फोन जवळ ठेवूनही रेंज चांगली असेल तर यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करा, म्हणजे केबलमधूनच फोनचं नेट घ्या, फोनची बॅटरीही टिकते. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये त्या हॉटस्पॉटला ‘मीटर्ड’ (मोजका डेटा) म्हणून नोंदवा, म्हणजे मागच्या दाराने डेटा उडत नाही.

घरात अनेकजण, दारात शेजारी

प्रत्येकाचं खातं वेगळं, प्रत्येकाचा पिन वेगळा. शेजारचे काका सातबारा काढायला आले तर त्यांना आपल्या खात्यात बसवू नका. लॉगिनच्या पानावर ‘गेस्ट’ म्हणून उघडा. काम संपून बाहेर पडलं की त्यांचा सगळा मागमूस पुसला जातो. उतरवलेली फाइलही पुसली जाते, म्हणून बाहेर पडण्याआधी ती पेन ड्राइव्हवर घ्या.

आणखी एक धोका फार थोड्यांना माहीत असतो. स्टोरेज अगदी भरत आलं की क्रोमओएस जागा करण्यासाठी बरेच दिवस न वापरलेल्या खात्यांचा या लॅपटॉपवरचा साठा आपोआप काढून टाकू शकतं. ड्राइव्हवरचं सुरक्षित राहतं, डाउनलोड फोल्डरमधलं जातं. वसतिगृहावर गेलेल्या मुलीचे कागद घरच्या क्रोमबुकच्या डाउनलोडमध्ये पडून असतील तर आजच ड्राइव्हवर हलवा.

सरकारी कामं

महाभूलेखवर सातबारा आणि आठ-अ बघणं, डिजिटल सहीचा सातबारा उतरवणं, महाडीबीटीवर योजनांचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज, आपले सरकारवरचे दाखले, ही सगळी कामं ब्राउझरची आहेत, क्रोमबुकवर होतात. मोठ्या स्क्रीनवर गट क्रमांक आणि क्षेत्र नीट वाचता येतं, मोबाईलवर होणाऱ्या चुका टळतात. ई-पीक पाहणी मात्र मोबाईलचंच काम आहे, कारण वावरात उभं राहून, तिथल्या स्थानासह पिकाचा फोटो घ्यावा लागतो.

प्रिंटरची आशा बेताची ठेवा. वायफायचे नवे प्रिंटर सहज जोडले जातात, दुकानातले जुने यूएसबी लेझर पुष्कळदा नाहीत. पीडीएफ करा आणि पेन ड्राइव्हवर झेरॉक्सवाल्याकडे न्या.

ऊन, धूळ आणि लाईन

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या वापरासाठी साधारण ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगतात. चंद्रपूर, अकोला, नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाच्या खोलीत दुपारी काय होतं ते सांगायला नको. उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा, दुपारी चार्जिंगला लावून वापरू नका, आणि गाडीच्या काचेआड किंवा ट्रॅक्टरच्या पेटीत कधीच ठेवू नका. गादीवर ठेवून वापरला की खालची उष्णता कोंडते, पाटावर ठेवा.

कूलरच्या अगदी समोर बसू नका. ओल्या हवेबरोबर बारीक थेंब काचेवर येतात, आणि थेंबाला स्क्रीन बोट समजते. आपोआप काहीतरी उघडू लागतं. ही काच बोटातल्या विजेच्या सूक्ष्म बदलावर चालते, म्हणून ओल्या हाताने ती वेड्यासारखी वागते आणि साधा हातमोजा घातला तर मुळीच ऐकत नाही. फवारणी करून आलेल्या हाताने तर अजिबात नको, साबणाने हात धुऊन, कोरडे करून बसा. त्याच काचेला लावलेलं बोट मग लेकरू तोंडात घालतं.

सोयाबीनच्या मळणीत आणि कापूस घरात भरलेला असताना लॅपटॉप पिशवीत झाकून ठेवा. कमी किमतीच्या अनेक क्रोमबुकमध्ये पंखाच नसतो, ही आपल्यासाठी चांगली गोष्ट, धूळ आत ओढली जात नाही. पण बिजागरीत कापसाचे तंतू अडकतात. मऊ ब्रशने काढा. काच पुसायची तर यंत्र बंद करून, धुतलेल्या जुन्या धोतराच्या किंचित ओल्या फडक्याने. पाणी थेट काचेवर मारू नका.

लाईन गेली तरी चिंता नाही, चांगल्या बॅटरीवर बहुतेक क्रोमबुक दिवसभराचं साधं काम काढतात. लाईन येताना झटका येतो तिथे प्लग काढून ठेवायची सवय लावा.

विकताना किंवा अडकल्यावर

क्रोमबुक अडकायला लागला, किंवा दुसऱ्याला द्यायचा असेल, तर ‘पॉवरवॉश’ करा. लॉगिनच्या पानावर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि आर या कळा एकत्र दाबल्या की तो पर्याय येतो. यंत्र नव्यासारखं होतं, सगळी खाती निघतात. त्याआधी घरातल्या प्रत्येकाला आपापल्या खात्यात शिरून डाउनलोड फोल्डर बघायला सांगा, आणि पुन्हा लॉगिन करायला नेट लागतं, म्हणून रेंज असेल अशाच ठिकाणी हे काम करा.